रुई कुठे कुठे आहे? लोणावळा ते इंदापूर नोंदी करूया

रानवाट

नमस्कार मंडळी. पुणे जिल्ह्यातल्या रुईच्या नोंदी करायच्या आहेत, दोन्ही रुयांच्या. एकटीदुकटीचं काम नाही, म्हणून हा धागा.

रुई माहीत नाही असं इथे कोणी नसेल. शनिवारी मारुतीला माळ, रथसप्तमीला सात पानं अंगावर ठेवून अंघोळ, गुडघा सुजला की तेल लावून शेकलेलं पान. पण ती नेमकी कुठे वाढते असं विचारलं, की उत्तर येतं "कुठेही". सर्रास दिसणाऱ्या झाडाची हीच गत होते. पावसाळ्यात एखादं दुर्मिळ कंदीलपुष्प दिसलं की आपण गुडघे टेकून फोटो काढतो आणि त्याच वाटेवरच्या रुईला वळसा घालून पुढे जातो. मी आयनॅचरलिस्टवर, म्हणजे लोक झाडाप्राण्यांचे फोटो जागेसकट नोंदवतात त्या अ‍ॅपवर, पुण्याच्या नोंदी चाळल्या. वेताळ टेकडी, तळजाई, पाषाण या भागात ठिपके आहेत. दौंड, बारामती, इंदापूरकडे सरकलं की नकाशा रिकामा होत जातो. तिथे रुई नाही म्हणून नव्हे, तिथे फोटो काढणारी माणसं कमी म्हणून.

आपल्या भागाची एक खास गोष्ट आहे. लोणावळ्याला वर्षाला ४००० मिमीच्या वर पाऊस, पुणे शहरात साधारण ७०० मिमी, आणि बारामती-इंदापूरकडे ५०० मिमीच्या आसपास. हे सगळं जेमतेम २०० किमीच्या पट्ट्यात. मोठी रुई, म्हणजे कॅलोट्रॉपिस जायगँटिया, आपल्याकडून पूर्वेला पार इंडोनेशियापर्यंत पसरलेली आहे. दुसरी, कॅलोट्रॉपिस प्रोसेरा, आफ्रिकेपासून अरबस्तान-राजस्थानमार्गे आपल्यापर्यंत येते आणि तिला कोरडं हवामान मानवतं. या दोन पट्ट्यांची जिथे सरमिसळ होते तिथे आपण राहतो. मला हे बघायचंय की पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना एक कमी होऊन दुसरी कुठे वाढते. पावसाप्रमाणे हळूहळू, की असं काही नसतंच आणि दोघी मिळेल त्या उकरलेल्या जमिनीत उगवतात?

ओळखायला फूल लागतं, पानावरून फसायला होतं. मोठ्या रुईचं फूल चांगलं रुपयाहून मोठं, पाकळ्या सपाट पसरलेल्या किंवा मागे वळलेल्या, रंग फिकट जांभळा किंवा पूर्ण पांढरा. कळी लांबट आणि कोनदार. प्रोसेराचं फूल लहान, पाकळ्या वाटीसारख्या वर उभ्या, पांढऱ्या आणि टोकाला आतून गडद जांभळ्या, जवळ गेलं की सुगंध. कळी गोल. कळीचा फोटो नक्की काढा, फूल कोमेजलेलं असलं तरी कळीवरून बऱ्याचदा निकाल लागतो.

कोण कोण येतंय?

मधली_आळी

रानवाट, उत्साह छान आहे, पण मनापासून विचारते. रुई कमी झालेली नाही, धोक्यात नाही, कोणी तोडली तरी पुन्हा फुटते. एवढी मेहनत घ्यायचीच तर जी झाडं संपत चालली आहेत त्यांच्यासाठी का घेऊ नये?

रानवाट

प्रश्न रास्त आहे. संपत चाललेल्या झाडांचं काम थांबवा असं मी म्हणणारच नाही. पण एखादं झाड कमी झालं हे कळायला ते आधी किती आणि कुठे होतं हे लिहिलेलं असावं लागतं. दुर्मिळ झाडांचं कोणीतरी लिहून ठेवलेलं असतं, सर्रास झाडांचं कोणी लिहीत नाही. चांदणी चौकाच्या आसपासच्या उतारांवर वीस वर्षांपूर्वी रुई किती होती, हे आज कोणी सांगू शकेल का? रस्ता रुंद होताना पहिली कड जाते, आणि रुई कडेलाच असते. शिवाय तिच्यावर जगणारे जीव मोजले तर ती एकटी नाही. पाकोळी यांनी त्याबद्दल लिहावं अशी विनंती.

पाकोळी

लिहिते. पुण्यात वर्षभर दिसणारं प्लेन टायगर, ते नारिंगी, पंखांच्या टोकाला काळं-पांढरं असलेलं फुलपाखरू, त्याची मादी रुईवर अंडी घालते. एका जागी एकच, बहुधा पानाच्या खालच्या बाजूला. अळी काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची, अंगावर काळ्या शिंगांसारख्या तीन जोड्या. ती पान खाण्याआधी शीर कुरतडते, त्यामुळे चीक तिथेच गळून जातो आणि पुढचा भाग खाता येतो. चिकातली विषारी द्रव्यं ती अंगात साठवते, म्हणून पक्षी तिला आणि पुढे फुलपाखरालाही टाळतात. डॅनेड एगफ्लायची मादी तर हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते आणि त्या भीतीचा फायदा घेते.

दरवर्षी कोणीतरी फोटो टाकून "पुण्यात मोनार्क दिसलं" लिहितं. ते मोनार्क नसतं. मोनार्क अमेरिकेतलं, त्यांच्याकडच्या मिल्कवीडवर वाढणारं आणि हिवाळ्यात मेक्सिकोच्या डोंगरात जाणारं. प्लेन टायगर त्याचं नात्यातलं, जसं मिल्कवीड रुईच्या नात्यातलं. अमेरिकेत मोनार्क घटलं तेव्हा लोकांनी मिल्कवीड कुठे उरलंय याच्या नोंदी सुरू केल्या. आपल्याकडे फुलपाखरू अजून भरपूर आहे, तेव्हाच झाडाचं लिहून ठेवणं मला तरी शहाणपणाचं वाटतं.

अळी, अंडं किंवा कोष दिसला तर त्याची वेगळी नोंद करा. देठावर पिवळाधमक मावा असेल, निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा जाडजूड टोळ असेल, बोंडांवर लाल-काळे ढेकूण असतील, तेही टिपा. फक्त अळी घरी आणू नका, जिथे आहे तिथे राहू द्या.

बांधावरून

मी इंदापूर तालुक्यातला. आमच्याकडं वाटीसारख्या फुलाची रुईच जास्त दिसते, माळावर आणि गायरानात. मोठी पण आहे, ती गावाजवळ, देवळामागं, ओढ्याकडंला. तुम्ही म्हणताय तसं दोन वेगळ्या जाती आहेत असं गावात कोणी धरत नाही, "रुई" म्हटलं की झालं. पांढऱ्या फुलाची असली की मांदार म्हणतात आणि तिला कुणी हात लावत नाही.

एक सांगतो. शेळ्या-मेंढ्या रुईला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळं जिथं चराई फार तिथं बाकी सगळं संपतं आणि रुई तेवढी उभी राहते. धनगर मंडळींना विचारा, कुठल्या माळावर किती आहे ते आपल्यापेक्षा चांगलं सांगतील. आणि गेल्या काही वर्षांत बांधावर तणनाशक मारायची पद्धत वाढलीय. आधी बांधावर रुई, तरवड, करवंद असायची. आता बांध भाजल्यासारखे पिवळे. तेवढं पण लिहायचं का?

रानवाट

नक्की लिहा, दादा. "बांध, तणनाशक मारलेला, रुई नाही" ही सुद्धा नोंदच आहे. तुमच्या माहितीने माझा एक प्रश्न जास्त टोकदार झाला. पूर्वेला प्रोसेरा जास्त दिसते ती पाऊस कमी म्हणून की चराई जास्त म्हणून? दोन्ही कारणं एकाच भागात एकत्र आली की वेगळी करणं अवघड जातं. त्यासाठी कमी पावसाचा पण चराई नसलेला तुकडा बघावा लागेल. कुंपणातली जमीन, एखादं राखलेलं कुरण, असं काही.

देठ

निवृत्त वनस्पतीशास्त्राचा मास्तर. उपक्रम आवडला, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे रस्त्याचा प्रश्न. आपण नोंदी करतो त्या जिथे गाडी थांबते तिथे. मग नकाशावर रुई सोलापूर रस्त्याच्या कडेने रांगेत उभी राहिलेली दिसते आणि आपल्याला वाटतं तिला डांबर आवडतं. हे टाळायचं तर आधी नकाशावर चौकोन आखा. ५ किमी बाजूचे चौकोन घेतले तर जिल्ह्याचं क्षेत्रफळ १५,६४३ चौरस किमी असल्याने सुमारे ६२६ चौकोन होतात. सगळे करायची गरज नाही. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारे दोन-तीन पट्टे निवडा. प्रत्येक चौकोनात चार तऱ्हेच्या जागा बघा: रस्त्याची कड, ओढा किंवा नदीकाठ, माळ-गायरान, शेताचा बांध. प्रत्येक जागी सारखाच वेळ द्या.

दुसरं, "शोधली, सापडली नाही" हे लिहून ठेवा. आयनॅचरलिस्टवर नसलेल्या गोष्टीची नोंद करता येत नाही, त्यासाठी आपली स्वतंत्र एक्सेल लागेल. कोरा चौकोन म्हणजे कोणी गेलंच नाही, की जाऊन पाहिलं आणि नव्हती? या दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि तो नंतर कितीही डोकं खाजवलं तरी काढता येत नाही.

तिसरं, जुन्या नोंदी. पुणं या बाबतीत भाग्यवान आहे. थिओडोर कूक इथल्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य होते आणि त्यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र १९५५ पासून पुण्यात आहे. आघारकर संशोधन संस्थेत वनस्पतीसंग्रह आहे. वाळवलेल्या नमुन्याच्या कागदावर जागा, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव असतं. रीतसर पत्र देऊन रुईचे नमुने बघायला मागता येतील. फार सापडतील अशी आशा मात्र धरू नका. रुई दाबून वाळवणं त्रासाचं काम, पान मांसल, चीक कागदाला लागतो, बुरशी येते. त्यातून ती सर्रास. विद्यार्थी तिच्या वाटेला जात नसत, आणि मीही त्यांना कधी आग्रह केला नाही.

मधल्याच लक्षणांचं झाड दिसलं, पाकळ्या धड उभ्या नाहीत आणि धड पसरलेल्या नाहीत, तर जात ठरवायची घाई नको. नुसतं "कॅलोट्रॉपिस" एवढ्यावर नोंद ठेवा आणि फूल, कळी, पानाची खालची बाजू असे तीन फोटो जोडा.

शनिपार

सर, चौकोनांचं पटलं. माझी एक सूचना आहे.

शहरात दर शनिवारी मारुतीच्या देवळांबाहेर रुईच्या माळा विकायला येतात. ती पानं येतात कुठून? मी आमच्या देवळाबाहेरच्या मावशींशी बोलले. त्या भल्या पहाटे पानं तोडून आणतात, शहराच्या कडेच्या मोकळ्या जागांवरून. त्यांचं म्हणणं असं की पूर्वी घराजवळ चालत जाऊन टोपली भरायची, आता रिक्षा करून लांब जावं लागतं आणि रिक्षाचेच पैसे निघत नाहीत. कुठल्या जागेची रुई कधी गेली, तिथे आधी काय होतं, आता कोणती सोसायटी उभी आहे, हे सगळं त्यांना तोंडपाठ आहे. जुन्या जागांची माहिती हवी असेल तर संग्रहातल्या कागदांइतकीच ती इथे आहे.

फक्त दोन गोष्टी पाळूया. त्यांचा वेळ घेतला तर मोबदला द्यायचा, माहिती फुकट काढायची नाही. आणि आज त्या जिथून पानं आणतात त्या जागा नकाशावर उघड्या टाकायच्या नाहीत. त्यांचं पोट आहे त्यावर. जुन्या, गेलेल्या जागा तेवढ्या त्यांच्या परवानगीने घालूया.

रानवाट

शनिपार, हे माझ्या डोक्यातच आलं नसतं. मावशींची हरकत नसेल तर मी तुमच्याबरोबर येते. गेलेल्या जागांसाठी एक्सेलमध्ये वेगळा रकाना करते: "पूर्वी होती, कोणी सांगितलं, साधारण कधीपर्यंत".

नेत्रांजन

मी डोळ्यांची डॉक्टर आहे. कृपया हे सगळ्यांनी वाचा.

रुईचा चीक डोळ्यात जाणं वाटतं तितकं साधं नाही. त्याने डोळा थोडा बधिर होतो, त्यामुळे सुरुवातीला फारसं दुखतच नाही आणि माणूस दुर्लक्ष करतो. काही तासांनी धूसर दिसायला लागतं, कारण चीक बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या आतल्या थरापर्यंत पोचून त्याला सूज आणतो. पान तोडून त्याच हाताने घाम पुसणं, एवढंही पुरतं. पान उलटून बघायचं असेल तर न तोडता बघा. हात धुवायला पाणी जवळ ठेवा. चीक गेलाच तर स्वच्छ पाण्याने १५-२० मिनिटं सलग धुवा आणि दुखत नसलं तरी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. घरात पडलेले जुने ड्रॉप घालू नका. वेळेत उपचार झाले तर दृष्टी बहुधा पूर्ववत होते. मुलांना बरोबर नेणार असाल तर आधी हे समजावून सांगा, बोंडातली म्हातारी उडवायला मुलं हमखास हात घालतात.

कातळकडा

रुईचं ठीक आहे, पण याच कुळातल्या बाकीच्यांचं काय? कंदीलपुष्पं, शिंदळ माकुडी, शिरदोडी, उतरण, अनंतमूळ... सगळी रुईच्याच घरातली. एकाच नकाशावर घेतली तर काम एकदाच होईल. माझ्याकडे कड्यांवरच्या बऱ्याच जागांचे पिन आहेत, देऊ शकतो.

देठ

कातळकडा, थांबा. पिन इथे टाकू नका.

उतरण चालेल, ती कुंपणाकुंपणावर आहे. अनंतमुळाच्या मुळ्या खणून विकल्या जातात, त्याच्या जागा उघड करताना मी दोनदा विचार करेन. कंदीलपुष्पांच्या तर कंदाला मागणी आहे, खायलाही आणि संग्राहकांनाही. एका उतारावर वीस-तीस झाडं असतील, एक माणूस कुदळ घेऊन आला की संपलं. शिंदळ माकुडी शिवनेरीच्या कड्यावर आहे हे १९व्या शतकापासून पुस्तकांत आहे, ते लपवून आता उपयोग नाही. पण किल्ला सांगणं वेगळं आणि कड्यावरचा नेमका कोपरा सांगणं वेगळं.

कातळकडा

सर, मग नोंदच करायची नाही का? उद्या तिथे रस्ता काढायचं ठरलं आणि कागदावर काहीच नसेल, तर ते झाड वाचवायला आपल्या हातात काय आहे? लपवून ठेवलेली झाडंही जातातच की, फक्त गेलेली कोणाला कळत नाहीत.

देठ

तुमचं म्हणणं खोटं नाही. नोंद करावीच, उघडी करू नये. आयनॅचरलिस्टवर जागा झाकायची सोय आहे. नेमका बिंदू तुम्हाला दिसतो, बाकीच्यांना सुमारे २० किमी बाजूच्या चौकोनात कुठेतरी ठिपका दिसतो. धोक्यातल्या बऱ्याच जातींना ही झाकणी आपोआप लागते, पण त्यावर विसंबू नका, स्वतः तपासा. आणि वर्णनात "देवळाच्या मागच्या पायऱ्यांजवळ" असं लिहून ठेवलं तर झाकणीचा काही उपयोग नाही. नेमकी माहिती वनखात्याला आणि संशोधन संस्थेला थेट द्या, म्हणजे रस्त्याचा प्रश्न आला की कागद त्यांच्याकडे असेल.

रानवाट

दोघांचंही पटतंय, आणि म्हणून या धाग्यात फक्त दोन रुया घेऊया. रुईची जागा उघड केल्याने कोणी कुदळ घेऊन येणार नाही. तिच्यावर सराव झाला, चौकोन, नसल्याच्या नोंदी, फोटोची शिस्त हाताला बसली, की अवघड झाडांकडे बंद गटात जाऊ. कातळकडा, तुमचे पिन तोवर तुमच्याकडेच सांभाळा आणि एक प्रत सुरक्षित ठेवा, हे आग्रहाने सांगते.

मधली_आळी

मी येतेय. हडपसर ते उरुळी कांचन माझ्याकडे द्या, रोजचा रस्ता आहे. पण फोटोचं लोकेशन कसं द्यायचं? मी मैत्रिणीकडून व्हॉट्सअ‍ॅपवर मागवलेल्या फोटोंत ते दिसतच नाही.

पाकोळी

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की त्यातली जागेची माहिती गळून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, मग राहते. त्याहून बरं म्हणजे ज्याने काढला त्यानेच अ‍ॅपमधून टाकावा. रेंज नसली तरी नोंद फोनमध्ये साठते, घरी येऊन चढवता येते. अचूकतेचा आकडा बघा. तो १० मीटर असेल तर उत्तम, ५०० मीटर दाखवत असेल तर मोकळ्यावर जरा थांबून पुन्हा घ्या.

आणि फुलं नुसती बघू नका, बोंडं आहेत का तेही लिहा. रुईचे परागकण सुटे उडत नाहीत, त्यांच्या पुड्या असतात आणि त्या मोठ्या काळ्या भुंग्याच्या पायाला अडकून दुसऱ्या फुलावर जातात. भुंगा फिरकला नाही तर फुलांचे गुच्छच्या गुच्छ गळतात, बोंड धरत नाही. शहरातल्या रुईला बोंडं कमी आणि माळावरच्या रुईला जास्त, असं काही दिसतंय का हे मला फार जाणून घ्यायचंय.

बांधावरून

काल संध्याकाळी गायरानात जाऊन आलो, फोटो टाकलेत. वाटीसारखी भरपूर, मोठी एक पण नाही. बोंडं आहेत, काही फुटायला आलीत. ओढ्याकडंचं उद्या करतो. एक विचारायचं होतं, देवळात मुद्दाम लावलेली पांढरी रुई नोंदवायची का?

रानवाट

दादा, नोंदवा, पण अ‍ॅपमध्ये "लावलेलं" ही खूण करा आणि एक्सेलमध्येही तसं लिहा. नाहीतर पूर्वेकडे जागोजाग मोठी रुई आहे असं नकाशा सांगेल, आणि ती सगळी देवळातली निघेल. लावलेल्या झाडाभोवती बियांपासून उगवलेली रोपं दिसली तर त्यांची मात्र वेगळी, रानटी म्हणून नोंद करा.

चौकोनांचा नकाशा तयार केलाय, दुवा प्रत्येकाला व्यक्तिगत संदेशात पाठवते. लोणावळा-कामशेत पट्टा माझ्याकडे, पौड-मुळशी पाकोळींकडे, शहर आणि टेकड्या शनिपार यांच्याकडे, हडपसर-उरुळी मधली आळीकडे, इंदापूर दादांकडे. देठ सर अनोळखी फोटो तपासतील असं गृहीत धरलंय, सर, चालेल ना? मयुरेश्वर अभयारण्यात जाणाऱ्यांनी वनखात्याची परवानगी आधी काढावी. चराई नसलेला तुकडा म्हणून तिथलं कुरण बघण्यासारखं आहे का, हे परवानगी काढतानाच विचारून घ्या.

यवत ते कुरकुंभ आणि जेजुरी-मोरगाव-सुपे हे दोन पट्टे अजून मोकळे आहेत. जेजुरीला नेहमी जाणारं कोणी आहे का इथे?

देठ

चालेल. फोटो पाठवताना कळीचा विसरू नका.

कातळकडा

जेजुरी-मोरगाव-सुपे मी घेतो. रविवारी निघतोय, बाईकवर एक जागा रिकामी आहे.